लावलेली रॅम ४ जीबी, दिसणारी सव्वातीन: वाचनालयाच्या संगणक कक्षाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

दिवाळीची सुट्टी संपून वाचनालय उघडलं आणि संगणक कक्षाचं काम हाती घेतलं. एका कार्यालयाने आपले जुने बारा संगणक वाचनालयाला दिले आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं इथे अर्ज भरायला, मराठी टंकलेखनाचा सराव करायला, जुन्या प्रश्नपत्रिका बघायला येतात. त्यांना बाहेर तासाला पैसे मोजावे लागू नयेत, यासाठी हा कक्ष.

ग्रंथपाल ताईंनी यंत्रं आल्या आल्या एक वही घातली आहे. प्रत्येक यंत्रासमोर दोन रकाने: सोबतच्या यादीत लिहिलेली रॅम आणि स्क्रीनवर दिसणारी रॅम. पहिल्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ४ जीबी. दुसऱ्यात ३.२४, कुठे २.९६, आणि एका ८ जीबीच्या यंत्रासमोर चक्क ३.४. ताईंचा सरळ प्रश्न होता, "दादा, रॅमच्या पट्ट्या खराब आहेत का? नवीन घ्यायच्या का?" कार्यवाह काकांनी त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढलीही आहे.

काकांना विनंती केली की आधी उरलेली रॅम जाते कुठे ते शोधू, मगच पैशाला हात लावू. वाचनालयाचा पैसा वर्गणीतून येतो. त्यातला एक रुपयाही अंदाजाने खर्च होता कामा नये.

४ नोव्हेंबर

सगळी यंत्रं उघडली, धूळ काढली, मदरबोर्डवरचे चिपसेट, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि बाकी साधनं यांना जोडणाऱ्या चिप, लिहून घेतले. तीन गट पडले.

पहिला गट इंटेल ९४५जी चिपसेटचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, डीडीआर२ च्या २ जीबीच्या दोन पट्ट्या. दुसरा जी४१ चा, प्रोसेसर त्याच पिढीतला पण रॅम डीडीआर३, तीही दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या. तिसरा गट एच६१ चा, आय३ प्रोसेसर आणि ८ जीबी. पहिल्या दोन्ही गटांत ३२ बिटची विंडोज ७ आहे, तिसऱ्यात ६४ बिटची विंडोज १०.

वहीतल्या आकड्यांकडे आता गटवार पाहिलं. ९४५ च्या प्रत्येक यंत्रावर आकडा अगदी एकच आहे, ३.२४. खराब पट्ट्या इतक्या एकसारख्या खराब होत नाहीत. काही एमबींच्या हिशेबानेसुद्धा सगळीकडे तेवढीच रॅम कमी पडत असेल, तर ती कुणीतरी ठरवून बाजूला ठेवलेली असते.

५ नोव्हेंबर

९४५ च्या एका यंत्रावर विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडला. मेमरीच्या पट्टीवर डावीकडे एक करडा तुकडा दिसतो, त्यावर लिहिलेलं असतं की हा भाग हार्डवेअरसाठी राखीव आहे. आपली हरवलेली रॅम हीच. राखीव म्हणजे कुणासाठी, हे विंडोज तिथे सांगत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यादी साधनांनुसार न लावता संसाधनांनुसार लावली, की प्रत्येक साधनाने कुठून कुठपर्यंतचे पत्ते घेतलेत ते दिसतं.

इथे पत्ता हीच मुख्य गोष्ट. प्रोसेसर रॅममधली प्रत्येक बाइट तिच्या पत्त्याने ओळखतो. पत्ता ३२ बिटचा असेल तर एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. बरोबर ४ जीबी. पण हे पत्ते एकट्या रॅमचे नसतात. ग्राफिक्स, नेटवर्क, यूएसबी, बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) चिप या सगळ्यांशी प्रोसेसर याच पत्त्यांतून बोलतो. ग्राफिक्सकडे काही पाठवायचं तर तो एका ठरलेल्या पत्त्यावर लिहितो, आणि चिपसेट ते रॅमकडे न नेता ग्राफिक्सकडे वळवतो. एका पत्त्यावर दोन मालक चालत नाहीत. त्यामुळे साधनांना दिलेल्या पत्त्यांखाली जी रॅम आली असती, ती पट्टीवर शाबूत असूनही कुणाला हाक मारता येत नाही.

९४५ च्या यंत्रावर हिशेब मांडला. त्यातल्या जीएमए ९५० ग्राफिक्सला २५६ एमबी इतके पत्ते लागतात. पीसीआय एक्सप्रेस या कार्डं जोडणाऱ्या व्यवस्थेच्या जुळवणीसाठी आणखी २५६: बस (मार्ग) २५६, प्रत्येकीवर साधनं ३२, प्रत्येकाची कामं ८ आणि प्रत्येक कामाला ४ केबी, गुणाकार केला की नेमके २५६ एमबी होतात, मग यंत्रात प्रत्यक्ष दोनच कार्ड असोत. अगदी वरच्या टोकाचे २५६ एमबी बायोसची चिप, इंटरप्ट सांभाळणारी साधनं आणि इतर किरकोळ मंडळींचे. एकूण ७६८. ४ जीबी म्हणजे ४०९६ एमबी, त्यातून ७६८ गेले, राहिले ३३२८, म्हणजे ३.२५ जीबी. त्यातून ग्राफिक्सने स्वतःच्या चित्रासाठी खरोखरीची ८ एमबी रॅम उचलली की ३.२४. ताईंच्या वहीतला आकडा असा पुरता जुळला, तेव्हा फार समाधान वाटलं.

बायोसची चिप वरच्या टोकाला का, तर सुरू होताच इंटेलच्या ३२ बिट प्रोसेसरची पहिली आज्ञा ४ जीबीच्या रेषेच्या केवळ १६ बाइट खालच्या पत्त्यावरून उचलली जाते. तिथे बायोस हवीच. पत्ते वरून खाली वाटत येण्याची रीत तिथूनच चालत आली.

६ नोव्हेंबर

ताईंना हे समजावताना त्यांच्याच टेबलावरची दाखल नोंदवही उपयोगी पडली. समजा, नोंदवहीत क्रमांकाला चारच घरं आहेत. मग ९९९९ च्या पुढचं पुस्तक कपाटात उभं असलं तरी नोंदवता येणार नाही. त्यातही वरचे दोन हजार क्रमांक पंखे, टेबलं आणि कपाटांना आधीच दिलेले आहेत. मग पुस्तकं दहा हजार असली तरी देवघेव आठ हजारांचीच होणार.

ताई लगेच म्हणाल्या, "मग वही बदला की, पुस्तकं कशाला बदलता?"

बहुतेक यंत्रांवर हाच इलाज आहे. रॅम जागेवर आहे, शाबूत आहे, फक्त तिला पुरतील एवढे पत्ते नाहीत. नवीन पट्टी घालून ९४५ च्या गटात एक एमबीसुद्धा वाढली नसती.

८ नोव्हेंबर

आज काम थोडं आणि वाचन जास्त. ३२ बिट म्हणजे ४ जीबी, हा नियम सगळे सांगतात, पण तो पुरता खरा नाही, आणि हे कुठेतरी मराठीत नीट लिहून ठेवायला हवं.

इंटेलच्या पेंटियम प्रोमध्ये १९९५ सालीच पीएई नावाची सोय आली. तिने रॅमचा पत्ता ३६ बिटचा केला, म्हणजे ६४ जीबीपर्यंत. विंडोज सर्व्हर २००३ ची एंटरप्राइझ आवृत्ती ३२ बिटची असूनही याच सोयीवर ४ जीबीच्या कितीतरी पुढे जात असे. ३२ बिट लिनक्ससुद्धा पीएईचा कर्नल (प्रणालीचा गाभा) घेतला तर पुढे जातो. घरगुती विंडोजमध्येही पीएई आहेच: २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, तेव्हापासून घातक कोड चालू न देण्याच्या संरक्षणासाठी ती लागते. तरीही एक्सपी, व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या ३२ बिट आवृत्त्या ४ जीबीच्या वरच्या पत्त्याला हात लावत नाहीत.

कारण आहे ड्रायव्हर, म्हणजे एकेक साधन चालवणारा छोटा प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी २००८ मध्ये हे उघडपणे लिहिलं. जास्त रॅमची यंत्रं तपासली तेव्हा अनेक यंत्रं कोसळत होती, कारण आवाजाच्या आणि ग्राफिक्सच्या घरगुती कार्डांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी ३२ बिटपेक्षा मोठा पत्ता येईल असं गृहीतच धरलं नव्हतं. पत्त्याचे वरचे बिट गळून पडायचे आणि ड्रायव्हर भलत्याच ठिकाणी लिहायचा. त्यापेक्षा वरची रॅम सोडून देणं सुरक्षित, असा निर्णय झाला. मला तो पटतो. पाव भाग रॅम गेलेलं यंत्र चालतं. दुसऱ्याच्या जागेवर लिहिणारं यंत्र आज ना उद्या कुणाचा तरी भरलेला अर्ज बिघडवतं.

कर्नलमध्ये फेरफार करून ही मर्यादा उठवणारे पॅच मिळतात. दोन मुलांनी आज त्याबद्दल विचारलं. आपल्या कक्षात ते लावायचे नाहीत. या यंत्रांवर लोक आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील टाकतात, तिथे कुणीतरी उघडून बदललेला कर्नल चालवणं बरोबर नाही.

ही गोष्ट आजची नाही, हेही त्यांना सांगितलं. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८०८८ प्रोसेसर होता, पत्ता २० बिटचा, एकूण १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी चित्राच्या मेमरीला, कार्डांना आणि बायोसला राखून ठेवले आणि प्रोग्रॅमना उरले ६४० केबी. पुढे कितीही रॅम घाला, डॉस या त्या काळच्या प्रणालीचे प्रोग्रॅम त्या ६४० च्या कुंपणात वर्षानुवर्षं धडपडत राहिले. आपल्या सव्वातीन जीबीची रचना हुबेहूब तीच आहे: वरच्या टोकाला साधनं, खाली रॅम, मध्ये कुंपण.

१० नोव्हेंबर

जी४१ चा गट घेतला. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, म्हणजे प्रोसेसरकडून अडचण नाही. बायोसमध्ये मेमरी रीमॅपचा पर्याय होता आणि काही यंत्रांवर तो बंद होता. तो चालू केला की साधनांच्या पत्त्यांखाली झाकलेली रॅम चिपसेट उचलून ४ जीबीच्या रेषेच्या वर नेऊन ठेवतो. तिथे पोहोचायला ३२ बिटपेक्षा मोठा पत्ता लागतो, म्हणून हे चालू असून वर ३२ बिटची विंडोज असेल तर काहीच फायदा दिसत नाही. दोन्ही एकदम हवं.

विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर चालणार नाही. म्हणून ६४ बिटची डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली घातली. विंडोज ३२ वरून ६४ वर न्यायची तरी सगळं पुसून नव्यानेच करावं लागतं, तेव्हा या निमित्ताने सुरक्षित प्रणालीवर आलेलं बरं. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आहे, ब्राउझर आहे, लिब्रे ऑफिस आहे. मुलांना एवढं पुरतं.

डेबियन सुरू होताना कर्नल पहिल्या काही ओळींतच बायोसने दिलेला रॅमचा नकाशा छापतो. हा नकाशा वाचायला प्रत्येकाने शिकावं असं मला फार वाटतं, कारण सगळ्या वादांचा निकाल तिथे लागतो. जी४१ वर वापरण्याजोग्या रॅमचा एक मोठा तुकडा सव्वातीन जीबीच्या अलीकडे संपतो, मग राखीव ओळी येतात, आणि बरोबर ४ जीबीच्या रेषेपासून दुसरा वापरण्याजोगा तुकडा सुरू होतो. उचलून वर ठेवलेली रॅम ती हीच. एकूण दिसतात ३.८ जीबी.

उरलेले शंभर-दोनशे एमबी कुठे गेले? थोडे ग्राफिक्सने घेतले. थोडे कर्नलने स्वतःसाठी. कर्नल रॅमचे ४ केबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याची ६४ बाइटची नोंद ठेवतो. ४ जीबीचे तुकडे होतात १०,४८,५७६, नोंदींनाच ६४ एमबी लागतात. हा खर्च अटळ आहे. तो झाला नाही तर कोणती रॅम कुणाला दिली हेच कळणार नाही.

११ नोव्हेंबर

एक यंत्र बाजूला ठेवून ९४५ च्या गटावरही तीच डेबियन, तीच ६४ बिट. दिसली ३.१ जीबी.

या गटात खरी अडचण प्रोसेसरची नाही आणि प्रणालीचीही नाही. कर्नलचा नकाशा वाचला तर ४ जीबीच्या वर एकही वापरण्याजोगी ओळ नाही. बायोसमध्ये रीमॅपचा पर्याय शोधत बसायचं कारण नाही, कारण तो असूच शकत नाही. ९४५ चिपसेटला ४ जीबीच्या पलीकडे रॅमचे पत्ते माहीतच नाहीत, झाकलेली रॅम उचलून ठेवायला त्याच्याकडे वर जागाच नाही. पुढच्या ९६५ पिढीपासून ही सोय आली. म्हणजे या यंत्रांत लावलेल्या ४ जीबीपैकी पाऊण जीबी रॅम त्यांच्या हयातीत कधीही वापरता येणार नाही. इथे रॅमवर खर्च करू नये, असं वहीत ठळक लिहिलं.

६४ बिटची प्रणाली टाका म्हणजे सगळी रॅम दिसेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. या गटापुरता तो खोटा ठरतो, आणि त्यापायी लोक दिवसभर घालवून सगळं पुसून नव्याने करतात. आधी चिपसेट बघावा, हे त्या सल्ल्यात पहिल्या ओळीत असायला हवं.

या यंत्रांचं काय करायचं? फेकायची तर मुळीच नाहीत. हलका एलएक्सक्यूटी डेस्कटॉप घातला आणि झेडरॅम चालू केलं, म्हणजे रॅम भरत आली की कर्नल कमी वापरातली पानं रॅममध्येच दाबून लहान करून ठेवतो. टंकलेखनाच्या सरावाला आणि ग्रंथसूची शोधायला ही यंत्रं ठेवू.

१३ नोव्हेंबर

एच६१ चा गट. इथे प्रणाली ६४ बिट, चिपसेट १६ जीबीपर्यंत जाणारा, तेव्हा ८ पैकी पावणेआठच्या वर दिसायलाच हवेत. बहुतेकांवर दिसतातही.

३.४ दाखवणाऱ्या यंत्रावर बायोस पूर्ण ८ जीबी मोजत होती. म्हणजे गोष्ट विंडोजमध्ये. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या साधनात बूटच्या प्रगत पर्यायांत कमाल मेमरीच्या चौकटीत खूण होती आणि आकडा ४०९६. यंत्र जलद होतं म्हणून ही खूण करायला सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. ही खूण रॅम वाढवत नाही, कापते. आणि कापते ती पत्त्यावरून: ४०९६ एमबीच्या वरचा प्रत्येक पत्ता बंद. चिपसेटने साधनांसाठी वर सरकवलेली रॅमही त्यात गेली, म्हणून धड ४ जीबीसुद्धा उरले नव्हते. खूण काढली, पुन्हा सुरू केलं, सगळी रॅम आली.

आणखी एका यंत्रावर बायोसच ४ जीबी मोजत होती. तिथे पत्त्यांचा प्रश्न नाही, पट्टीचा किंवा स्लॉटचा. पट्ट्यांची अदलाबदल केली तेव्हा दोन्ही पट्ट्या पहिल्या स्लॉटमध्ये चालल्या, दुसऱ्यात एकही नाही. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने साफ केले, स्लॉटमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. आता दोन्ही चालतात. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवला आहे. साफ केलेल्या स्लॉटवर लगेच विश्वास टाकायला मी तयार नाही.

१४ नोव्हेंबर

मेमटेस्टमध्ये एकही चूक नाही. यंत्र कक्षात गेलं.

१५ नोव्हेंबर

वाचनालयाची जुनी ग्रंथसूची डॉसवरच्या फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅममध्ये आहे आणि ताई ती आजही रोज वापरतात. ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे, १६ बिटचे प्रोग्रॅम अजिबात चालत नाहीत, हे आधीच काकांच्या कानावर घातलं होतं. ताईंचं काम एक दिवसही अडायला नको, म्हणून ९४५ च्या गटातलं एक यंत्र ३२ बिट विंडोज ७ वरच ठेवलं, नेटवर्कची केबल काढून. त्याच्या ३.२४ जीबीला कुणी हात लावायचा नाही. फॉक्सप्रोला त्यातला कणभरही भाग लागत नाही. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायलींची प्रत काढून लिब्रे ऑफिसमध्ये उघडून पाहिली, नोंदी नीट वाचता येतात. स्थलांतर हा वेगळा प्रकल्प, तो जानेवारीत.

१८ नोव्हेंबर

आता खरेदी. रॅम वाढवून खरोखर फायदा होईल असा गट एकच: जी४१. चिपसेट ८ जीबीपर्यंत जातो, स्लॉट दोन, म्हणजे ४ जीबीच्या दोन पट्ट्या.

इथे दुकानात जपायला हवं. जी४१ ला २ गिगाबिटपर्यंतच्याच मेमरी चिप कळतात. ४ जीबीच्या पट्टीवर अशा १६ चिप लागतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. हल्ली मिळणाऱ्या ४ जीबीच्या बऱ्याच पट्ट्यांवर एकाच बाजूला ८ चिप असतात, त्या इथे चालत नाहीत. यंत्र सुरूच होत नाही, आणि दुकानदार म्हणतो पट्टी चांगली आहे, जे खरंही असतं. पट्टी हातात घेऊन चिप मोजाव्यात.

डीएमआयडीकोड नावाची आज्ञा मदरबोर्डची कमाल रॅम सांगते, पण तो आकडा बोर्ड बनवणाऱ्याने बायोसमध्ये लिहिलेला असतो आणि कधी कधी चुकीचा असतो. चिपसेटच्या कागदपत्रांवर जास्त भरवसा ठेवावा.

काकांनी विचारलं, "एकदम सगळ्यांना घ्यायच्या?" मी आधी एकाच यंत्रासाठी जोडी घ्यायला सांगितली. ती लागली, रात्रभर मेमटेस्ट पार पडला, की त्याच दुकानातून त्याच बनावटीच्या बाकीच्या.

२२ नोव्हेंबर

जोडी आली, सोळा चिपची. बायोस ८१९२ मोजते, डेबियनला ७.६ जीबी दिसतात. नकाशात ४ जीबीच्या वरचा तुकडा आता खालच्यापेक्षा मोठा झाला आहे. मेमटेस्ट स्वच्छ. बाकीच्या पट्ट्यांची मागणी काकांनी आजच दिली.

ताईंच्या वहीत तिसरा रकाना आखला: रॅम कमी का दिसते. ९४५ समोर चिपसेट, जी४१ समोर जुनी प्रणाली आणि बंद रीमॅप, एच६१ च्या त्या दोन यंत्रांसमोर खूण आणि स्लॉट. पुढे कुणी नवा माणूस कक्ष सांभाळायला आला तर त्याने याच क्रमाने बघावं: बायोस किती मोजते, प्रणाली किती बिटची आहे, चिपसेट कोणता आहे, कर्नलच्या नकाशात ४ जीबीच्या वर काही आहे का. बायोसच कमी मोजत असेल तर पट्टी आणि स्लॉट, बाकी सगळं नंतर.

काढलेल्या २ जीबीच्या डीडीआर३ पट्ट्या पाकिटात घालून, वर जी४१ असं लिहून ताईंच्या कपाटात ठेवायच्या. त्या चांगल्या आहेत, टाकायच्या नाहीत.